भिंतीवरची सवत

९ नोव्हेंबर, रविवार

खोटं बोलले! एकदा नाही, तीनदा!

श्रावणापासून हे तीन वेळा लातूरला गेले. "दुकानाचा माल बघून येतो." स्टीलचे डबे बघायला माणूस तीनदा लातूर गाठतो का? नांदेडात डब्यांचा दुष्काळ पडलाय? मला तेव्हाच शंका यायला हवी होती. उलट मी दरवेळी पहाटे उठून धपाटे बांधून दिले, वर शेंगांची चटणी. कुणासाठी, तर तिच्यासाठी!

आज टपालाने पत्र आलं म्हणून बिंग फुटलं. लातूरला भूकंपाचं स्मृतिसंग्रहालय झालंय, त्यांचं पत्र. भूकंपात गेलेल्या ज्या लोकांचा एकही फोटो मागे राहिला नाही, त्यांची चित्रं एका चित्रकाराने नातेवाइकांना विचारून विचारून काढली आहेत म्हणे. "आपण सांगितलेल्या वर्णनावरून आपल्या पत्नी कै. महानंदा यांचे चित्र दालनात लावले आहे. सहकुटुंब अवश्य यावे."

सहकुटुंब म्हणजे मी. हयात असलेली पत्नी.

महानंदा ही यांची पहिली. लग्नाला सात महिने झाले होते आणि त्र्याण्णवचा भूकंप झाला. हे कामासाठी सोलापूरला गेले होते, सासूबाई त्यांच्या माहेरी, म्हणून दोघं वाचले. ती गेली, घर गेलं, लग्नाचा अल्बम दगडमातीखाली गेला. तिचं माहेरही त्याच पट्ट्यातलं, तेही भुईसपाट. यांनी नांदेडला येऊन भांड्यांचं दुकान टाकलं आणि चार वर्षांनी माझ्याशी लग्न केलं.

पत्र यांच्या हातात दिलं. म्हटलं, "घ्या, थोरलीकडून बोलावणं आलंय." दोनदा वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. आणि म्हणतात काय – "जाऊ की पुढच्या रविवारी. तिथं टावर पण हाय म्हणे. लिफ्टनं वर जाता येतंय. सगळं लातूर दिसतंय."

लातूर दिसतंय! जणू आम्ही सहलीलाच चाललोय.

१० नोव्हेंबर, सोमवार

पूजेला बसले तर हात चालेना.

आमच्या देवघरात एका बाजूला यांच्या लिंगपूजेचं ताट आणि दुसऱ्या बाजूला चांदीचा एक टाक. तो तिचा. पहिली बायको अहेव, नवऱ्याआधी गेली की दुसरीने तिचा टाक पुजायचा. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी माझ्या तळहातावर ठेवला – "ही तुझी थोरली बहीण समज. आधी हिला, मग तुला." तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं मी तिला आंघोळ घालते, हळदकुंकू लावते. नवी साडी आली की आधी तिच्यापुढे ठेवायची, मग मी नेसायची. खरं बघितलं तर लग्नापासून मी नवी साडी नेसलेलीच नाही. सगळ्या तिच्या उतरलेल्या!

टाकाला चेहरा कुठला असतो. सोनाराने ठोकलेली बाई. दोन ठिपके म्हणजे डोळे, एक रेघ म्हणजे तोंड. अशा बाईचा मत्सर करायचा तरी कसा? मी केला. नेटाने केला.

एकदाच विचारलं होतं यांना, सृष्टी पोटात असताना. "कशी दिसायची हो ती?" म्हणाले, "चांगली होती." संपलं! माझ्याजवळ दोन शब्द. आणि त्या चित्रकारापाशी तीन दिवस!

१३ नोव्हेंबर

मेलेल्या बाईला भेटायला जाताना काय नेसतात? मोरपंखी इरकल काढून ठेवलं आहे. तिच्यापुढे ठेवलं नाही. विसरले म्हणेन.

१६ नोव्हेंबर, रविवार

आत्ताच घरी आलो. हे न जेवता आडवे झालेत. मी लिहिते. लिहिलं नाही तर भांडी आपटीन.

सकाळी सातची एस्टी. लोहा, अहमदपूर, चाकूर – एरवी हे बसमध्ये बसल्या बसल्या घोरायला लागतात. आज टक्क जागे. दाढी गुळगुळीत, पांढरा शर्ट. मला खिडकी दिली. मी म्हटलं, "राहू द्या, तुम्हालाच लवकर दिसू दे लातूर."

संग्रहालय नवंकोरं आहे. दाराबाहेर भेळेची गाडी, शाळेच्या दोन सहली, फोटो काढणारी जोडपी. आत गेल्या गेल्या दोन रांगा – एक नातेवाइकांची, एक पर्यटकांची. टेबलामागे वर्षाराणी नावाची मुलगी, तिथली मार्गदर्शक. नातेवाइकांना शर्टावर लावायला पांढरा कागद देत होती, पर्यटकांना पिवळा. यांनी नाव सांगितलं, पांढरा घेतला. मग तिने माझ्याकडे बघितलं. "आणि काकू, तुम्ही?"

मी वाट बघितली. माणसाने काहीतरी म्हणावं – माझी बायको आहे, हिलाही पांढरा द्या. यांनी घसा तेवढा साफ केला.

"मी पर्यटक," मी म्हटलं. इरकलावर पिवळा कागद चिकटवला आणि सवतीला भेटायला गेले.

आत दगडी जाती, उतरंडी, मुडपलेला पाळणा, एका शाळेची घंटा. भिंती कशा दोन-दोन हात जाड दगडाच्या होत्या आणि त्याच कशा अंगावर आल्या, ते मांडून दाखवलं आहे. एक खोली अशी की बटण दाबलं की जमीन हलते. पोरं आत जाऊन किंचाळत होती, हसत होती, पुन्हा रांगेत उभी राहत होती. हे बाहेरच्या बाकावर बसले, भिंतीला पाठ लावून. मी गेले आत. बघू तरी काय ते! जमीन हलली तशी एका पोराच्या खांद्याला धरलं. बाहेर आले तेव्हा यांनी विचारलं, "कशाला गेलीस?" मी म्हटलं, "पर्यटक आहे ना." असं बोलायला नको होतं. पण बोलले.

मग ते दालन.

चाळीसेक चित्रं असतील. म्हातारी माणसं, लेकरं, एक पैलवान. हे सरळ चौथ्या भिंतीपाशी गेले, शोधावंसुद्धा लागलं नाही. खाली पाटी – महानंदा श्रीशैल हालगे, वय २१. माझ्या नवऱ्याचं नाव तिच्या नावामागे, पितळेत कोरून.

सुंदर आहे. उगाच कशाला खोटं लिहू, इथं कोण वाचणार आहे. रुंद कपाळ, हनुवटीला खळी, ओठाचा उजवा कोपरा जरासा वर – आत्ता हसेल आणि आपल्यालाच हसेल अशी. असा ओठ असलेली बाई नवऱ्याला बरोबर मुठीत ठेवते. सात महिन्यांत तिने यांना असं ठेवलं की बत्तीस वर्षांनी अजून सुटले नाहीत.

चित्रकारही तिथंच होता, महांतेश म्हणून, तरणाच आहे. मला म्हणतो, "काकू, काकांसारखं सांगणारं कुणी भेटलं न्हाई बघा. बाकीचे म्हणत्यात गोरी होती, नाक सरळ होतं. काकांनी भुवईचा केस न् केस सांगितला. ओठासाठी तर माझ्याकडनं पाच वेळा खोडून घेतलं." मी म्हटलं, "हो का." दुसरं काय म्हणणार?

मी यांना विचारलं, "अशीच होती?"

"अशीच." रुमाल काढला. मग माझ्याकडे बघितलं – आणि लगेच नजर फिरवली. तुलना केली असणार! ती एकवीस वर्षांची, मी एकोणपन्नासची, चष्मा, वर पिवळा कागद. तळपायाची आग मस्तकात गेली. मोबाइल काढला आणि तिचा फोटो घेतला. घरी निवांत बसून राग करायला काहीतरी हवं ना.

मग टावर. लिफ्टने अकरावा मजला, चारी बाजूंनी काच. काचेला लागून पितळी पट्टी, तिच्यावर बाण – कुठलं गाव कुठल्या दिशेला, किती लांब. यांचं जुनं गाव दिसत नाहीच, पण दक्षिणेचा बाण धरून हे उभे राहिले. शेजारी बाहेरगावचं एक तरुण जोडपं. त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही भूकंपातले का?" आणि हे बोलायला लागले! घराला दोन दारं होती, मागच्या दाराशी शेवगा, ती विहिरीवरून येताना लांबूनच हाक मारायची, सासूसमोर डोक्यावरचा पदर घसरला की जीभ चावायची. परक्या माणसांना! दहा मिनिटांत! मी पाठ करून उभी. खाली गंजगोलाई, तिच्यापासून फुटलेले सोळा रस्ते वरून नीट मोजता येतात. मी मोजले. दोनदा मोजले. कान मात्र मागेच होते.

जोडप्यातली मुलगी म्हणाली, "काका, किती प्रेम होतं हो तुमचं." मला कुणी काही विचारलं नाही. पिवळा कागद होता ना!

१७ नोव्हेंबर

बोलले नाही. वरणात मीठ कमी घातलं, मुद्दाम. गुमान जेवले.

१८ नोव्हेंबर

आजही नाही. टाकही धुतला नाही. हळदीचा कालचाच डाग तिच्या तोंडावर. राहू दे.

दुपारी पुण्याहून सृष्टीचा फोन. "आई, कसं होतं म्युझियम?" सगळं सांगितलं. लेकीजवळ नाही तर कुणाजवळ सांगू? ती हसायला लागली – "आई, गेलेल्या बाईवर कशाला जळतेस गं?" म्हटलं, जिवंत असती तर भांडता तरी आलं असतं. हिचं काय करायचं? हिला म्हातारपण नाही, हिचं पोट सुटत नाही, ही यांना दुकानातून येताना दळण आणायला सांगत नाही. म्हणाली, "फोटो पाठव, बघू तरी." पाठवला.

१९ नोव्हेंबर

हे म्हणाले, "ऐकायलीस का? डोकं लई दुखतंय, बाम कुठं हाय?" मी बोट दाखवलं. बोट दाखवणं म्हणजे बोलणं नव्हे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

देवा! देवा देवा देवा!

दुपारी सृष्टीने व्हॉट्सअपवर दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवून पाठवले. डावीकडे ते चित्र. उजवीकडे माझ्या लग्नातला फोटो, माहेरचा, देगलूरचा, मांडवात बसलेली मी. खाली लिहिलंय – "आई, वेडी आहेस का? ही तर तूच आहेस!!!"

आधी पटलं नाही. चष्मा पुसला. मोठं करून बघितलं. कपाळ तेच. खळी तीच. ओठाचा उजवा कोपरा – तोच! आरशासमोर जाऊन उभी राहिले, गाल हाताने मागे ओढले. सुटलेली कातडी बाजूला केली की खाली तीच बसली आहे. म्हणजे मी.

एकविसाव्या वर्षी मी अशी दिसायचे? मला कुणी सांगितलं नाही! माहेरी सहा बहिणींत आरसा एकच, तोही थोरलीच्या ताब्यात.

म्हणजे झालं असं – चित्रकाराने विचारलं, कशी होती? यांनी डोळे मिटले आणि डोळ्यांपुढे कोण आलं? मी! बत्तीस वर्षांत तिचा चेहरा पुसला गेला आणि तिथं माझा येऊन बसला. यांना कळलंसुद्धा नाही. भुवईचा केस न् केस माझा. ओठासाठी पाच वेळा खोडलं, तो ओठ माझा!

मी जिंकले. कुणाला सांगू? हे दुकानात. शेजारच्या शिल्पाकडे जाऊन उगाच साखर मागून आणली. घरात दोन किलो साखर आहे.

२१ नोव्हेंबर

दिवाळीची चॉकलेटी साडी नेसले. टाकापुढे न ठेवता. सरळ कपाटातून अंगावर.

हे म्हणाले, "कुठं निघालीस?" म्हटलं, "कुठं नाही. घरातच आहे." आणि हसले. बिचारे घाबरले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हुग्गी केली, गव्हाची खीर, वर तुपाची धार. यांनी तीनदा वाढून घेतली आणि मग माझ्याकडे बघत बसले – आठवडाभर बोटाने बोलणारी बाई अचानक हुग्गी का करते? सांगितलं नाही. सांगितलं तर यांना धक्का बसेल. आपण जिची आठवण जपली म्हणतो ती मुळात तिची नाहीच! यांची मला दया आली आणि जरा मजाही वाटली.

देगलूरचं बघणं आठवलं. हे, यांचे काका आणि मुरुडची अव्वा – म्हणजे महानंदाची आई. भूकंपाच्या वेळी ती आणि धाकटी मुलगी मल्लम्मा मुरुडला मावशीकडे होत्या म्हणून राहिल्या. नंतर मुरुडलाच स्थायिक झाल्या. दुसरी बायको म्हणजे गेलेल्या लेकीच्या जागी आलेली लेक, तिला पहिलीच्या माहेरच्यांनी पसंत करायचं, दिवाळीला साडी-चोळी तिकडूनच यायची – आमच्याकडे तशीच रीत. मला बघितल्यावर अव्वा उठून जवळ आली, दोन्ही हातांत माझं तोंड धरलं आणि रडली. माझी स्वतःची आई सहा मुलींना कंटाळलेली. मला वाटलं, बघा, परकी बाई, पण माझ्यासाठी रडली! पुढे जाईन तेव्हा मुरुडच्या गल्लीत बायका दारात येऊन माझ्याकडे बघायच्या. मी पदर सावरून चालायचे. काय तोरा होता माझा तेव्हा!

थोडं वाईटही वाटलं आज. तिचा चेहरा आता जगात कुठेच उरला नाही. फोटोत नाही, यांच्या डोक्यात नाही. टाकातले दोन ठिपके, बस. टाक घासून लख्ख केला. मग पुन्हा बरं वाटायला लागलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

एकटी लातूरला जाऊन आले! यांना सांगितलं, लोह्याला मावसबहिणीकडे जाते. खोटं बोलायला काय लागतं, यांनी शिकवलंच आहे.

मला तिला बघायचं होतं. म्हणजे मला.

वर्षाराणीने ओळखलं नाही. तेच विचारलं – नातेवाईक की पर्यटक? छाती पुढे काढून म्हटलं, नातेवाईक. पांढरा कागद लावला आणि त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. तासभर. येणारी-जाणारी माणसं थांबत होती. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "किती गोड आहे नाही?" मी अगदी शेजारी उभी! मान जराशी वळवून उभी, उजेड तोंडावर येईल अशी. एकानेही चित्राकडे बघून माझ्याकडे बघितलं नाही. अठ्ठावीस वर्षं आणि वीस किलो मध्ये आडवी आली.

टावरवरही गेले. आज दक्षिणेच्या बाणाकडे मी गेलेच नाही. ईशान्येला नांदेडचा बाण आहे, तिथं उभी राहिले. लई भारी हवा होती!

खाली उतरले आणि तिथंच माझी जीभ मला नडली. कागद परत देताना वर्षाराणी सहज म्हणाली, "कुणाच्या नातेवाईक तुम्ही, काकू?" म्हटलं, "महानंदाच्या. पण ते चित्र तिचं नाही. माझं आहे." तिला वाटलं, थट्टा. मी मोबाइल काढून सृष्टीने जोडलेले दोन फोटो दाखवले. पोरीचा चेहराच उतरला.

"काकू, असं असेल तर ते चित्र उतरवावं लागतं. इथं नियम आहे – शंका आली की रक्ताच्या माणसाने येऊन ओळख पटवायची. त्यांच्या माहेरचं कुणी आहे का?"

गप्प बसायचं होतं ना! म्हणायचं, कुणी नाही. पण मला ते ऐकायचंच होतं. कुणीतरी चारचौघांत म्हणावं, ही महानंदा नाही, ही महादेवी आहे. अव्वा जाऊन बरीच वर्षं झाली; मुरुडच्या मल्लम्माचा नंबर मीच दिला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

संग्रहालयाचा यांना फोन. हे भरलं दुकान नोकरावर टाकून घरी आले.

"तू तिथं काय सांगून आलीस?"

"खरं ते."

मोबाइल पुढे केला. दोन फोटो. बघितले. इतका वेळ बघितले की मीच म्हटलं, अहो, बसा खाली. बसले. त्यांना लाज वाटली असणार – आपण तिला विसरलो, आणि ते बायकोने पकडलं. मी पाण्याचा तांब्या दिला. जिंकणाऱ्याने जरा मोठं मन ठेवावं. म्हटलं, "होतं असं. बत्तीस वर्षं झाली. माणूस विसरतो. मी काही वाईट वाटून घेतलं नाही."

"महादेवी, जाऊ दे ना ते. कशाला पाहिजे मल्लम्मा बिल्लम्मा? चित्र हाय तसं राहू दे."

"माझं तोंड आणि खाली तिचं नाव? का म्हणून?"

"मी सांगायलो ना, नको जाऊ तिथं."

अठ्ठावीस वर्षांत यांनी माझ्याकडे काही मागितलं असेल तर हेच. हात जोडायचेच राहिले होते. पण तेही तिच्यासाठी! तिची पाटी राहावी म्हणून! मी म्हटलं, मी जाणार.

२९ नोव्हेंबर

हे जेवत नाहीत धड. रात्रंदिवस देवघराकडे तोंड करून बसतात. एवढं काय त्यात!

३ डिसेंबर

मल्लम्माशी फोनवर बोलले. रविवारी ती मुरुडहून परस्पर लातूरला येते. "येते की, महादेवीअक्का. लई दिस झाले बघून." तिला काही सांगितलं नाही. तिच्याच तोंडून निघू दे.

इरकल नेसायचं की चॉकलेटी?

७ डिसेंबर, रविवार

मल्लम्मा चित्रासमोर उभी राहिली आणि तिचा हात तोंडावर गेला. "थोरली अक्काच की ही! हुबेहूब!" मी हसून म्हटलं, "नीट बघ, मल्लम्मा. ती मी आहे." तिने चित्रातल्या कानाजवळ बोट नेलं. तिथं तीन भोकं आहेत. "अव्वा नको म्हणत असताना हट्टानं पाडून घेतली हुती अक्कानं. दाजींना हे पण आठवतंय!" मी कानाला हात लावला. मला एकच भोक.

मग ती मला म्हणाली, अगदी मायेने – "तुम्हाला ठावं न्हाई व्हय? दाजी लग्नच नको म्हणत हुते. अव्वा दोन वर्षं गावोगाव पोरी बघत फिरली. निलंगा, उदगीर, पार बिदरपतोर. ना घर बघायची ना शेत. नुसतं तोंड बघायची. शेवटी देगलूरला तुम्ही सापडलात."

हे माझ्या शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. वाट बघितली. एकदा नुसतं "नाही" म्हणाले असते, खोटं म्हणाले असते, तरी चाललं असतं.

म्हणाले नाहीत.